बाराला एक

सासूबाईंनी डबा उघडला तेव्हा थोरल्या जावयाने आधी चॉकलेटं मोजली आणि मग एक तोंडात टाकलं. सोळा नग. झाकणामागच्या किमतीला त्याने मनातल्या मनात सोळाने भागलं आणि घास तोंडातच फिरू लागला. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याचे शंभर!

थोरला बिस्किटांच्या कारखान्यात खर्चाचा हिशोब बघायचा. कुठल्या बिस्किटात मैदा किती, साखर किती, नग कितीला पडतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. त्यामुळे गेली चौदा वर्षं सासरी पडदे घ्यायचे असोत की फ्रीज, सासूबाई त्याच्याकडे बघून विचारायच्या, "भाव बरोबर आहे का?" तो नुसता ओठ मुडपायचा आणि दुकानदाराचा निकाल लागायचा. पण धाकट्या जावयाने चॉकलेटचं दुकान काढलं, ते चाललंही, आणि सासूबाई प्रश्न विचारताना दुसऱ्या खुर्चीकडे बघू लागल्या. मागच्या महिन्यात घेतलेलं वॉशिंग मशीन तर थोरल्याला ते घरघरायला लागल्यावर कळलं.

"साडूबुवा," तो म्हणाला, "शंभर कशाचे हो? चॉकलेटचे की रिबिनीचे?"

"मेहनतीचे, दादा."

"मेहनत आमच्याकडेही होते. दिवसाला चार लाख बिस्किटं निघतात."

"खाताना कळतं ते," मेहुणी म्हणाली.

मेहुणी बोलली त्याचं काही नाही, मेहुण्या बोलायच्याच. पण त्यावर बायको हसली, ते लागलं.

"घरी केलं तर बाराला एक पडेल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी आणतो करून."

शनिवारी बायकोची ड्युटी होती. ती बाहेर पडली आणि त्याने ओट्यावर काटा मांडला. खाली उकळतं पाणी, वर चॉकलेटचं भांडं. वाफेचे दोन थेंब आत पडले आणि तुळतुळीत पातळ चॉकलेटचा ओल्या मातीसारखा गोळा झाला. दुसरा घाणा त्याने जपून केला, तर त्यावर भिंतीला ओल यावी तसे पांढरे डाग उमटले. पुस्तकात लिहिलं होतं, वितळवा, सत्तावीस अंशांपर्यंत उतरवा, मग पुन्हा किंचित चढवा. घरातला तापाचा थर्मामीटर पस्तिसाच्या खाली बघायलाच तयार नव्हता. नवा आणला. तिसरा घाणा साच्यातून निघेना, निघाला तो कोपरे मागे ठेवून.

कारखान्यात मोडका माल दळून पुन्हा पिठात जातो, म्हणून त्याने हिशोबात नासाडी शून्य धरली होती. इथे नासाडी भरपूर होती, माल जवळजवळ शून्य.

पाच वाजता त्याने सवयीने बेरीज केली. सामान, साचे, थर्मामीटर, गॅस, नऊ तासांची मजुरी. आणि चारचौघांत दाखवण्याजोगे नग नऊ. एक नग दोनशे दहाला पडला होता. साडूपेक्षा महाग! त्याने कागद फाडला, ते नऊच्या नऊ उभ्याउभ्या खाल्ले, भांडी घासली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला साडूच्या नव्या शाखेत गेला. तिथली मुलगी त्याला ओळखत नव्हती. दोन डबे घेतले. रिबिनी गटारात, चॉकलेटं घरच्या स्टीलच्या डब्यात.

रविवारी सासूबाईंनी खाऊन डोळे मिटले. बायकोने दोन घेतली. मेहुणी म्हणाली, "बरं झालंय. पण आमच्या यांच्या हाताची सर नाही."

थोरल्याला संताप आला. फक्त तो नेमका कोणाच्या वतीने आला, हे ठरेना.

धाकट्याने एक उचललं, उलटं करून बुडाकडे पाहिलं, अर्धं खाल्लं, बराच वेळ चघळलं.

"झकास, दादा. कितीला पडलं?"

सगळे थोरल्याकडे बघत होते.

"बाराला."

"बाराला," धाकट्याने मान डोलावली.

"मी म्हणतच होते, भाव यांनाच विचारावा," सासूबाई म्हणाल्या आणि थोरल्याची छाती वीतभर फुगली. "आमच्या व्यायाम मंडळाला पुढच्या महिन्यात दहा वर्षं होतात. दोनशे करून द्या. फुकट नको हं, बाराप्रमाणे आत्ताच घ्या." आणि त्यांनी पर्स उघडली.

निघताना दाराशी चपला घालता घालता धाकटा त्याच्या कानाशी वाकला.

"दोन दिवस आधी सांगा, ताजी देतो."

"घरच्या माणसाला काही कमी?"

"दादा, शंभरातले माझ्या हातात अकरा उरतात. कुठून कमी करू? बाकीचे कुठे जातात, ते कालपासून तुम्हालाही ठाऊक असेल."

वाटेत बायको खुशीत होती. "आठपट घेतात हो. घरच्या माणसांनासुद्धा लुटतात. मी सांगणारच आहे सगळ्यांना."

"लुटत नाहीत गं," थोरला म्हणाला. "नासाडी असते. मजुरी असते. दोन अंश इकडचे तिकडे झाले तर अख्खा घाणा जातो."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "तुमचं तर पहिल्याच फटक्यात जमलं."