हमीदभाईंची फ्रेंच विहीण

लातुरात आमच्या गल्लीत कात्री पुरुष आहे, तेही अनेकवचनी. टेबल मात्र बाई. शेजारच्या हमीदभाई टेलरांनी दुकानातल्या एकेका वस्तूवर शिवणाच्या खडूनं तसं लिहूनच ठेवलंय. "चाळीस साल हातात धरली, वैनी," कात्रीकडं बघत ते म्हणाले, "अन् मालूमच न्हवतं!"

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हमीदभाई मोबाइलवर फ्रेंच शिकायलेत; ही बाई-पुरुष वाटणी त्या भाषेतली. मी हसते, पण हसायचा हक्क मला नाही. मुरुडहून नवी नवरी होऊन आले तेव्हा मॅट्रिकच्या गुर्मीत मी सासूबाईंपुढं कप ठेवून "प्लीज" म्हणायचे. त्या माउलीला वाटायचं, सुनेची शिंक अडकली.

हमीदभाईंचं तसं मिरवणं नाही. त्यांची लेक नाजमीन नोकरीला फ्रान्सला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न केलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. पण तिची आई, जुबेदाभाभी, जाऊन चार वर्षं झाली, आणि डॉक्टरांनी नाजमीनला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. त्याच दिवशी यांनी फ्रेंचला हात घातला. गेल्या महिन्यात मुलगी झाली. सगळं केलं ते फ्रेंच सासूनं. त्या बाईंना आभाराचं पत्र लिहायचं, आणि त्यांच्याच भाषेत.

पण टेलर माणूस. वाक्य एकदम पक्कं शिवत नाहीत. आधी पेन्सिलीनं कच्चं, मग ट्रायल. ट्रायलला मी. मला विहीण म्हणून खुर्चीवर बसवतात आणि समोर उभं राहून वाचतात. मला त्यातलं काडीचं कळत नाही. त्यांना फक्त माझा चेहरा बघायचा असतो.

"'मेर्सी' न्हाई चालत, वैनी. ते तर कुणी मीठ पुढं सरकवलं तरी म्हणत्यात. लई तंग होतंय खांद्यात."

"मग मोठा शब्द घ्या."

"घेतला की. 'रकोनेसांस', म्हंजी उपकाराची जाण. आता ढगळ झाला. विहीणबाई आत हरवून जातील!"

मीही विहीणच. नाक मुरडलं. "चहा न विचारता पत्र वाचता? मानपान काही आहे का नाही?"

"मजाक नका करू ओ! एकेक क्रियापद सांभाळायलोय मी इथं."

महिनाभर हे चाललं. पत्र दोन पानी झालं, इस्त्री केल्यासारखं. परवा शेवटची ट्रायल झाली. मी विहिणीच्या तोऱ्यात मान हलवली. "छान बसलंय. टाका पोस्टात."

हमीदभाई टाकायला निघाले नाहीत. स्टुलावर बसले. दोन्ही पानं बाजूला सारली आणि कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली. डिक्शनरी न उघडता, खाडाखोड न करता.

"हे काय लिहिलं?" मी विचारलं.

"नाजमीनला फोनवर इचारलं, तर म्हणती, सब ठीक था अब्बा. दुसरं काय सांगंल बापाला." त्यांनी चष्मा काढला. "पर कळा येताना पोरगी अम्मीला हाक मारलीच असंल न्हवं, वैनी? तवा ओ कोण दिली, तेवढं इचारलंय."