आप्पांची भाकणूक

आमच्या गल्लीत दर संक्रांतीला तिळगुळाच्या आधी भविष्य वाटलं जातं. समोरचे बिरूआप्पा सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरला भंडारा लावतात, ओट्यावर उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "पाऊस बरा पडंल. जोंधळा पिकंल. आन् औंदा घराघरात लिनक्स नांदंल!"

जोंधळा कधी पिकतो, कधी नाही. लिनक्स मात्र एकदाही नांदलं नाही.

आप्पा मंगळवेढ्याकडचे, मेंढपाळांच्या घरातले. त्यांचे आजोबा जत्रेत भाकणूक करायचे, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य सांगायचे, आणि सगळा गाव जिवाचा कान करून ऐकायचा. नातू कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चिकटला, तिथूनच निवृत्त झाला, पण रक्तातली भाकणूक काही जाईना. लिनक्स म्हणजे काय, हे विचारायची चूक मी एकदा केली. चहा गार झाला. एवढंच कळलं की कॉम्प्युटर चालवणारी ही एक व्यवस्था, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आणि फुकट.

"गायरान हाय बगा बाई ते," आप्पा म्हणाले. "कुना एकाचं न्हाय, समद्यांचं हाय."

मी आपली भिडेखातर घरच्या कॉम्प्युटरवर ते बसवून घेतलं. कोपऱ्यावरच्या चादरीच्या दुकानातही त्यांनी मोठ्या भक्तिभावाने ते घातलं. दुसऱ्याच दिवशी दुकानवाले यल्लप्पाशेठ धावत आले.

"आप्पा, माझा बिलाचा प्रोग्राम कुठं गेला?"

"आता व्हायरस येनार न्हाय, शेठ."

"गिऱ्हाईक बी येईना झालंय की!"

संध्याकाळपर्यंत जुनं होतं तसं बसवून द्यावं लागलं. आप्पांना राग म्हणून नाही. "पुढल्या साली ह्येच बलवायला येतील," म्हणाले.

त्यांची खरी भक्त एकच, त्यांची मुलगी रेणुका. ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा आप्पांनी तिच्या लॅपटॉपमध्ये लिनक्स घालून दिलं. आई नसलेली पोर, बापाचा शब्द मोडणार कशी? मग रोज संध्याकाळी तिचा फोन. आज वायफाय लागत नाही, उद्या प्रिंटर रुसलाय. आप्पा ओट्यावर येरझाऱ्या घालत ओरडायचे, "सुडो लिही! आता जागा सोड! अगं, सोड की जागा!" कॉम्प्युटरवर टाइप करायच्या त्या आज्ञा सगळ्या गल्लीला पाठ झाल्या होत्या. आज्ञा दिली की पलीकडे काहीतरी डाउनलोड व्हायला लागायचं, आणि ते होईपर्यंत दोघं बोलत बसायची. साहेब कसा आहे, घरमालकीण काय म्हणाली, असलं सगळं.

दिवाळीला रेणुका आली तेव्हा आप्पांनी तिच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवली. महिनाभराने पेढे घेऊन आमच्याकडे आले. "बाई, पोरीला कायबी अडत न्हाय आता. प्रिंटर सुदीक आपोआप वळखतंय. तिच्या घरात तरी नांदलं!"

ही संक्रांत आली आणि आप्पा ओट्यावर आलेच नाहीत. तिळगूळ घेऊन मीच गेले. कॉम्प्युटर बंद, आप्पा खुर्चीत.

"तुमचं लिनक्स बरं चाललंय का?" त्यांनी विचारलं.

"चाललंय की. कुरकुर नाही."

"व्हय," म्हणाले. "लई चांगलं झालंय ते." मग तिळगुळाचा लाडू तसाच हातात फिरवत राहिले. "रेणूचा फोन येत न्हाय आता, बाई. दोन ओळींचा मेसेज येतोय. समदं ठीक, म्हनती."

"मग तुम्ही करा की फोन."

"काय म्हनून करू? तिचं समदं चालतंय."

हा माणूस पोरीशी बोलायला प्रिंटर बिघडायची वाट बघत होता! मी त्यांचाच फोन उचलला, रेणुकाचं नाव दाबलं, स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"आप्पा? काय झालं? बरं आहे ना?"

आप्पा अवघडले. "लॅपटॉप... चालतोय न्हवं?"

"मस्त चालतोय."

"मग तुला कायच इचारायचं न्हाय का गं?"

मग रेणुका म्हणाली, "आहे की. आज काय केलं होतं जेवायला?"

आप्पा खुर्चीतून उठले, ओट्यावर गेले आणि सकाळी पीठ मळल्यापासून सांगायला लागले.