चांदी शेळीची चौकशी

आमच्या शेजारचे मुरलीधरकाका रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढतात आणि एका शेळीची चौकशी करतात. 'चांदी शेळी इतवारा', एवढे तीनच शब्द. तेही एका ठिकाणी नाही, पाच ठिकाणी. सगळ्या जगाला एक सर्च इंजिन पुरतं, काकांना पाच लागतात. आणि बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत शेळी कुणाचीच नाही.

काका पॉवरलूमच्या कारखान्यात सुपरवायझर होते. रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगा इंदूरहून येऊन आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेला. आता आमच्या दोन घरांत भिंत एक आणि वायफाय एक. वायफाय माझं आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

पाचही जणांना काकांनी नावं दिलीत. सगळे वापरतात ते 'मोठं दुकान'. त्याला काहीही विचारा, आधी विकायलाच बसतं, असं काकांचं मत. दुसरा 'झाडवाला'. तो म्हणे कमाईतून झाडं लावतो. मे महिन्यात काका त्याला दिवसातून चाळीसदा बुऱ्हाणपूरचं तापमान विचारायचे. मी म्हणायचे, अहो, नुसतं दाराबाहेर पाय टाका, कळेल. तर म्हणाले, "अपने को कळतंय गं. पण तेवढंच एखादं झाड."

'रंगवाली' शब्दांना चित्रांनीच उत्तर देते. 'कापूस' म्हटलं तर ढग, मेंढ्या, एखाद्या म्हातारीचे केस, सगळं पुढ्यात आणून ओतते. काका तासभर बघत बसतात, भाजी करपते, वास माझ्याकडे येतो. 'भटकी'ला काही विचारायचंच नसतं. बटण दाबलं की ती कुणा अनोळखी माणसाच्या पानावर नेऊन सोडते. एकदा तिनं काकांना परदेशातल्या एका म्हाताऱ्याकडे नेलं, जो फक्त चमच्यांचे फोटो काढतो. काकांनी त्याला लिहिलं की चमचे पाहिले, छान आहेत, आमच्याकडे मावा जलेबी हातानेच खातात. त्याचं चक्क उत्तर आलं! आता दर रविवारी दोघांचा पत्रव्यवहार चालतो. आणि पाचवी, सगळ्यांत लाडकी, 'घरगुती'. लोकांनी हौसेनं घरी बसून केलेली पानंच तेवढी ती शोधते.

एकच प्रश्न पाच जणांना कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "एका घरचं ऐकू नये."

मी हसण्यावारी न्यायचे. मग उन्हाळ्यात माझ्या भाचीला शाहपूरचं स्थळ आलं, केळीच्या बागा असलेलं. चौकशी झालीय, मुलाचा मामाच सांगतोय सगळं उत्तम आहे, असं मी काकांना आनंदानं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मुलाच्या मामाला विचारलं? मंगल, मामा वाईट सांगेल का?"

एवढ्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. आपल्याकडची रीत अशी की स्थळाची चौकशी तीन घरी करायची: एक शेजारी, एक किराणावाला आणि एक त्यांच्याशी बोलणं बंद असलेला भाऊबंद. दुसऱ्याच दिवशी डोक्याला उपरणं गुंडाळून काका भर उन्हात बसनं शाहपूरला गेले. संध्याकाळी लाल तोंडानं परतले. मुलगा चांगला आहे म्हणाले. शेजारीण तसं म्हणाली, किराणावाला म्हणाला, आणि बांधावरून ज्याच्याशी भांडण आहे तो चुलतासुद्धा कुरकुरत का होईना, तेच म्हणाला.

मला राहवलं नाही. परक्या पोरीसाठी एवढी उठाठेव का, असं विचारलं. काकांनी टॉवेल काढला, 'घरगुती' उघडली आणि शेळीचे तीन शब्द टाकले. पहिल्याच ओळीत एक पान आलं. ते काकांनी स्वतः केलेलं होतं. वर माऊसनं काढलेली शेळी, जी मला बाकासारखी दिसली. खाली मोठ्या निळ्या अक्षरांत: चांदी शेळी. इतवारा. आईच्या हातची ज्वारीची बिबडी. तापीच्या राजघाटावर वाहून गेलेली एक चप्पल.

हे सगळं कमलसाठी, काका म्हणाले. कमल त्यांची धाकटी बहीण. तिच्या स्थळाची चौकशी काकांनी एकाच घरी केली होती, मुलाच्या मामाकडे. वर्षाच्या आत ती मार खाऊन माहेरी आली, आणि काकांनी तिला परत पाठवलं. तिथूनही ती निघून गेली. त्याला आता तीस वर्षं होतील. ना पत्र, ना फोन.

मला वाटलं, काका तिला शोधताहेत. त्यांनी मान हलवली. शोधून शोधून ते कधीच थकले होते.

"पण कधीतरी तीच काही विचारेल. माझं नाव नाही विचारणार, रागावलीय. शेळीला विचारेल, चांदी तिची होती. आता कुठल्या दुकानात विचारेल ते अपने को काय माहीत? म्हणून रोज पाचही ठिकाणी बघतो, आपलं पान येतंय का."

पानाच्या अगदी तळाशी एकच शब्द होता, 'राहा.' हे काय, मी विचारलं. काकांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला, बराच वेळ पुसला.

"दारात उभी राहून तिनं विचारलं होतं, दादा, राहू का? मी म्हणालो, लोक काय म्हणतील." चष्मा परत डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "ते उत्तर बदलायचंय."

मला रडू आलं. कशाला खोटं सांगू!

आता मी कामाला असते त्या शाळेत मधल्या सुट्टीत मीही मोबाइलवर शेळीची चौकशी करते. बरोबरच्या बाया हसतात, हसू देत. परवा पहिल्यांदाच मोठ्या दुकानात, अगदी मागे, चौथ्या पानावर तो बाक दिसला. मी तिथूनच काकांना फोन लावला. त्यांनी विचारलं,

"चौथ्या पानापर्यंत ती येईल का गं?"

मी म्हटलं, "काका, शेळी तिची आहे. येईल."