कोळेखारची भिंत आणि रंभेशी जाहलेला तह

शके एकोणीसशें चौदा, चैत्र मास. कसबे पनवेलपासून खाडीच्या अंगास मौजे कोळेखार, तेथील समाजमंदिराच्या रस्त्याकडील भिंतीपायी जो संग्राम जाहला, त्याची हकीकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, भलत्याने भलते सांगू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले असे. यांत पदरचे कांही नाही.

सदरहू भिंत रुंद, सपाट, एस.टी.तून जाणाऱ्या सकळ रयतेच्या नजरेत भरणारी. त्याकारणे तिजवर आजवर बहुतांनी स्वाऱ्या केल्या. निवडणुकीच्या निशाण्या आल्या आणि गेल्या, दंतमंजन आले, सर्कशीचा वाघ आला, आणि अखेरीस पनवेलचे गणू पेंटर यांणी शिडी लावून बनियनची जाहिरात काढिली आणि कायमचे ठाणे दिले. जाहिरातीतील पुरुष छपरास टेकणारा, दंड फुगवून उभा. भिंतीसमोरच प्रमिला घरत यांचे घर. प्रमिलाबाई पनवेलास कॉलेजात जात, चित्रकलेत हात उत्तम. परंतु सकाळी दार उघडावे तो समोर बनियन, आणि मग दार लोटून घ्यावे, ऐसा कित्येक वर्षांचा नित्यक्रम.

मग त्यांणी गावची तरणी मंडळी जमवून मसलत केली, आणि भिंतीवर आपल्या गावाचे चित्र काढू द्यावे ऐसा अर्ज सरपंच महादेव पाटील यांस तोंडी गुजारला. सरपंचांचा हुकूम जाहला तो येणेप्रमाणे: “काढा चित्तर. पन जत्रंच्या सकाली पालखी निंगल तवा भितीवर अख्खा चित्तर पायजे. अर्धा दिसला त भित गणूची. मंग माज्याकडं रडाला येवाचा नाय.” हे वर्तमान गणू पेंटरांस कळताच ते खासे येऊन भिंतीच्या कोपऱ्यात लाल रंगाने ‘बुक’, म्हणजे भिंत आपणांस राखून ठेविली, ऐसे लिहून परतले.

मग फौजेची तयारी जाहली. बांबूंची परांची उभी राहिली, पनवेलच्या बाजारातून चुना आणि रंगाच्या भुकट्या आल्या, आणि रंगखात्याची दरोगी हितेश म्हात्रे यांस सांगितली. चुन्यात मूठभर मीठ घालावे, म्हणजे तो ओल धरून सावकाश सुकतो आणि भिंतीस घट्ट बसतो, हे सर्वत्र विदित. परंतु कोळेखार हे मिठागरांचे गाव, हितेशरावांचे तीर्थरूप मिठागरावरील मुकादम, आणि मूठभर मीठ घालणे म्हणजे घराण्यास बट्टा, ऐसे त्यांच्या चित्तात आले. “मूठ ती भायेरच्यांची,” ऐसे बोलून त्यांणी प्रत्येक पिंपात टोपलीच उपडी केली.

मग प्रमिलाबाईंनी कुंचला उचलिला, आणि भिंतीवर बनियनाचा अस्त होऊन खाडी उगवली, होड्या आल्या, चिंबोऱ्या आल्या, मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी आल्या, आणि मधोमध एक थोर जिताडा मासा आला. लोक एस.टी. थांबवून पाहू लागले. प्रमिलाबाई दारात बसून जेवल्या.

दुसरे दिवशी दुपारी फौज जेवावयास गेली असता गनीम आला. मिठाच्या राशी सर्वस्वी गारद, दोन होड्या बेपत्ता, जिताडा कमरेपासून खाली नाहीसा. सर्वांचा वहीम गणू पेंटरांवर गेला. हितेशराव क्रोधायमान होऊन म्हणाले की पनवेलास जाऊन त्यांची शिडी मोडून येतो. परंतु प्रमिलाबाईंनी नाक भिंतीशी नेऊन बारकाईने तपास केला, तो चुन्यावर खालून वर गेलेले रुंद, ओले, खरखरीत पट्टे दिसले. ऐसा कुंचला पेंटरापाशी नसतो. मग खाली शेणाचा पोहो दिसला. मग सर्व उमगले.

गनीम म्हणजे ठकीआजींची म्हैस रंभा. तळ्यावरून परतण्याची तिची वाट या भिंतीवरूनच.

मग हितेशराव वकिलीस रवाना जाहले आणि आजींच्या अंगणात उभे राहून म्हणाले, “आजी, तुमच्या म्हशीनं आमचा जिताडा चाटला.”

“अर्धा का अख्खा?”

“अर्धा.”

“मंग अर्धा हाय ना अजून! बोंबलतंस कशाला?”

“तिला बांधून ठेवा ना जत्रंपरत.”

“गाभन हाय ती. तल्यावर गेल्याबिगर राहत नाय. आनी आयक र, मीठ तुमी लावलाव, जीभ तिनं लावली. म्हशीला ताट वाढाचा आनी मंग चोर म्हनाचा, ही कंची रीत?”

वकील आल्या वाटेने परतले.

मग नाना उपाय जाहले. बांबूंचा कोट उभारिला. रंभेने त्यास पाठ घासली आणि कोट निजला. बुजगावणे ठेविले, रंभेने त्याचा सदरा खाल्ला. नवा रंग मिठाविना कालवून दिला, तरी जुने मीठ भिंतीत मुरले होते, ते ओलीसरशी वर येई, आणि रंभेबरोबर आता गावच्या इतर म्हशीही स्वारीत सामील होऊ लागल्या. जत्रा उद्यावर आली. गणू पेंटर शिडी आणि बनियनचा नमुना घेऊन आले आणि प्रमिलाबाईंच्याच ओट्यावर बसून त्यांच्याच आईच्या हातचा चहा घेऊ लागले. “पोरी, रंग वाया घालवू नको,” ऐसा त्यांचा उपदेश जाहला. प्रमिलाबाईंचे डोळे भरून आले, परंतु त्या बशी विसळावयास आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हुकूम घेऊनच.

हुकूम ऐसा की, रंभेशी तह करावा. समाजमंदिराची मागली भिंत तिजला इनाम द्यावी. हितेशरावांनी आपल्या घराण्यास शोभेल ऐसे मीठ कालवून तेथे जाड लेप द्यावा, हात आखडू नये. हितेशरावांस आयुष्यात ऐसा हुकूम प्रथमच मिळाला. त्यांणी टोपल्यांवर टोपल्या रिचविल्या. लेप सुकला, दुपारी रंभा आली, वाऱ्यावर नाक धरून क्षणभर विचार केला आणि मागल्या बाजूस वळली. पाठोपाठ सारे म्हशीदळ वळले. मग पुढील बाजूस कुंचले धावू लागले, होड्या परतल्या, राशी परतल्या.

परंतु जिताडा तोवर पुरता चाटला गेला होता, त्याच्या जागी मोठे भगदाड तैसेच राहिले, आणि रंग तो संपला. तेव्हा प्रमिलाबाईंनी खाडीवरून होड्यांस लावावयाचे डांबर आणविले आणि त्या भगदाडात काळीभोर रंभाच काढिली, शिंगांसकट. डांबर कडू, त्यास कोणी जीभ लावीत नाही.

जत्रेच्या सकाळी पालखी निघाली. सरपंच भिंतीसमोर थांबले. गणू पेंटरांनी हरकत घेतली की, मधोमध मासा होता, म्हैस नव्हती, सबब चित्र अख्खे नाही. तेव्हा गर्दीतून ठकीआजी पुढे जाहल्या.

“तुला र काय ठाव? ही रंभाच हाय. डावा शिंग बग, वाकडा! मासा तिच्या पोटात हाय.”

सरपंचांनी भिंत पाहिली, रंभा पाहिली, आणि “अख्खा हाय” ऐसा निवाडा देऊन पालखी पुढे काढिली.

येणेप्रमाणे कोळेखारची भिंत फत्ते जाहली. पुढील बाजूस तरुण मंडळाचा अंमल, मागील बाजूस रंभेचा, आणि ‘बुक’ ही अक्षरे डांबराच्या उरल्या फटकाऱ्याने चिंबोरीच्या पोटी गेली. बनियन शेजारच्या गावी कूच करिते जाहले. दुसरे दिवशी सकाळी प्रमिलाबाईंनी दार उघडिले, समोर पाहिले, आणि दार उघडेच ठेविले.