येसूच्या ओवीचे वारस

"चार विद्यार्थ्यांसाठी मध्ययुगीन साहित्याचा पेपर ठेवता येणार नाही, मॅडम. पुढच्या वर्षी ब्लॉगलेखन घ्या," प्राचार्य विनीत सुर्वे म्हणाले.

"ब्लॉगलेखन तुम्हीच घ्या," डॉ. विमला घवाळी म्हणाल्या आणि तडक वर्गावर गेल्या. वीस वर्षं त्या रत्नागिरीत जुन्या ओव्या शिकवत होत्या. असा पेपर बंद करू देणार होत्या थोड्याच!

त्यांनी वर्गातल्या ईशाला सांगितलं, "मोबाइलवर टाक, मोडीतले जुने कवितेचे कागद शुक्रवारी आणा, वाचून मिळतील." घाईघाईत ईशाकडून 'कवितेचे' हा शब्द राहिला.

शुक्रवारी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो पिशवीत जमिनीचे कागद घेऊन आलेला, आणि बहुतेकांच्या मागोमाग त्यांचे भाऊबंद! लांज्याहून बाबू आणि दादू हे साठीतले चुलतभाऊ एकच कागद दोन टोकांना धरून आले होते.

"बाई, आंब्याची बाग माझी हाय. ह्यात लिवलेलं असणार," बाबू म्हणाला.

"तुजी कशी? कागद आमच्या पेटीत गावला!"

आरडाओरडा ऐकून प्राचार्य धावत आले. "हे कॉलेज आहे की तलाठ्याची कचेरी? बाहेर काढा सगळ्यांना!"

विमलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तास साडेबारापर्यंत आहे, सर. तोवर वर्ग माझा."

त्यांनी बाबू-दादूच्या हातातला कागद घेऊन उजेडात धरला आणि पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उजळला. जमीन, शीव, साक्षीदार, काही नव्हतंच. ओवी होती! त्यांनी खणखणीत आवाजात वाचली :

"म्हणे येसू, दोघे लेक आंब्यातळीं भांडती ।
पाडाचे आंबे वरचेवर वानरें खाती ॥"

बाबूला खुदकन हसू फुटलं. "वानरं अजून खातायत, बाई! ही येसू आमच्या घरातली हो."

"तुमच्या कशी? आमच्या!" दादू उसळला. "पेटीत असले अजून धा कागद हायत. वाचायला शिकवाल काय?"

"विद्यार्थ्यांनाच शिकवते."

"मग फारम द्या."

दादू फॉर्म भरतोय म्हटल्यावर बाबूनंही हात पुढे केला. ह्यानं एकट्यानं सगळं वाचलं तर? हाच विचार बाकीच्यांच्याही मनात आला. प्रत्येकानं आपल्या भाऊबंदाकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि टेबलाभोवती झुंबड उडाली. तासाभरात एकोणीस फॉर्म जमा झाले.

प्राचार्यांनी गठ्ठा चाळला. "मॅडम, ही माणसं शिकायला नाही, भांडायला येणार आहेत."

"येऊ देत," विमलाबाई फळ्यावर मोडीतला 'अ' काढत म्हणाल्या. "आधी अक्षर लावतील, मग भांडतील."