बिननारळाची लिफ्ट

"लिफ्ट नारळाने चालत नाही, मोटारीने चालते!"

नव्या लिफ्टच्या उद्घाटनासाठी बोलावलेल्या सागरदीप सोसायटीच्या सभेत नंदकिशोर सरांनी हे वाक्य टाकलं, तेव्हा टाळ्या पडतील अशी त्यांची खात्री होती. पण नेमके त्याच वेळी बाहेर बटाटेवडे आले आणि विज्ञानाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड उरली नाही.

सर नेरूळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. देव नाही, हे त्यांचं ठाम मत. ते त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस अख्ख्या सेक्टरमध्ये शोधून सापडला नसता! गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना ते आधी गुरुत्वाकर्षण समजावून सांगत. पोरांनी शेवटी तो मजलाच सोडून दिला. घरात देव्हारा नव्हता. लग्न झाल्यावर स्मितानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा विषय काढून पाहिला होता. त्यावर सरांचं जे व्याख्यान झालं, त्यानंतर तिनं पुन्हा म्हणून विचारलं नाही. सर याला मतपरिवर्तन समजत.

विरोधी पक्षात होत्या जयमालाताई. भजनी मंडळाच्या अध्यक्षा, मूळच्या साताऱ्याकडच्या. माइक बंद पडला तरी त्यांच्या भजनात काही फरक पडत नसे.

"सर, नवी वस्तू आली की नारळ फोडायचाच असतो. आमच्या गावाकडं ट्रॅक्टर आला तरी फोडत्यात."

"मग तो ट्रॅक्टर कधी बंद पडत नाही?"

"पडतो की! पण तवा दोष आपल्यावर येत नाही."

सभा हसली, आणि सर पेटले. "ठरलं तर मग! पहिला दिवस लिफ्ट नीट चालली, तर यापुढे सोसायटीत पाण्याच्या पंपाचीसुद्धा पूजा होणार नाही. आणि बंद पडली, तर मी स्वतः, सगळ्यांसमोर, नारळ फोडीन!"

सेक्रेटरी केतननं हे तोंडातला वडा संपायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्यांनी अंगठे दाखवले, अर्ध्यांनी हात जोडले. आता माघार नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी चहा घेताना सरांना स्मिताचं बोट लाल दिसलं.

"हे काय?"

"लोणच्याचं तिखट," ती म्हणाली आणि आत गेली.

एवढ्या सकाळी लोणच्याची बरणी कशाला उघडली, हा प्रश्न शास्त्राच्या माणसाला पडायला हवा होता. पडला नाही.

लिफ्टपाशी फूल नव्हतं, हळद नव्हती. फीतसुद्धा नव्हती, कारण फीत कापणं हेही कर्मकांडच, असं सरांचं म्हणणं. निम्मी मंडळी स्वागताला जिन्यानं सहाव्या मजल्यावर गेली होती, त्यांत स्मिताही होती. सर एकटेच आत शिरले आणि वळून म्हणाले, "या, कोण येतंय?"

कोणी जागचं हललं नाही. सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. शेवटी जयमालाताईच पुढे झाल्या. "मी येते. गुडघ्यांना आस्तिक-नास्तिक कळत नाही." त्यांच्या हातातल्या पिशवीत काय होतं, हे तिच्या गोल आकारावरून उघड दिसत होतं.

लिफ्ट लोण्यासारखी वर गेली. "बघा!" सर म्हणाले. सहावा मजला आला. दार चार बोटं उघडलं, कर्र वाजलं आणि तिथेच थांबलं.

सरांनी उघडायचं बटण दाबलं. पुन्हा कर्र! सगळी बटणं दाबून झाली. दार ढिम्म.

"सर, हलू नका!" बाहेरून केतन ओरडला.

"हलायला जागा कुठे आहे!"

फटीतून आत बघायला बाहेर रांग लागली. एकेक जण यायचा, डोकावायचा, हळहळायचा आणि पुढे सरकायचा. तळमजल्यावरच्या शेवंताबाईंनी तर सवयीनं हात जोडून नमस्कारच केला! चहाचा कप फटीतून जाईना म्हणून कोणीतरी स्ट्रॉ आणली. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा स्ट्रॉनं प्यायला.

"हितंच फोडू का?" जयमालाताईंनी पिशवी उचलून विचारलं.

"कशावर? माझ्या डोक्यावर?"

थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "सर, भीती वाटती का?"

"भीती म्हणजे मेंदूतला एक रासायनिक बदल असतो."

"म्हंजे वाटती."

फटीतून स्मिताची बोटं आत आली होती, ती सरांनी धरून ठेवली.

तुर्भ्याच्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत अखेर मेकॅनिक आला, कुलदीप. खाली बसून, टॉर्च दातात धरून त्यानं दाराच्या खालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवला आणि काहीतरी फटीतून सरांच्या तळहातावर ठेवलं. दातांतल्या टॉर्चमुळे तो काय पुटपुटला ते बाहेर कोणाला कळलं नाही.

सुपारी होती. कुंकू लावलेली, अक्षता चिकटलेली! गणपती म्हणून मांडतात, तशी.

सरांना आनंदानं गुदमरल्यासारखं झालं. नारळ नव्हता म्हणून नाही, पूजा झाली म्हणून लिफ्ट अडकली होती! विघ्नहर्त्यानंच दार अडवलं होतं!

"जयमालाताई," ते विजयी आवाजात कुजबुजले, "हा तुमचा गणपती."

"माझा न्हाई वो! मी चोरून कशाला करीन? मी तर ढोल वाजवून केली असती."

ते मात्र पटण्यासारखं होतं. मग कोण? सरांची नजर आपल्या हातातल्या बोटांवर गेली. लाल बोट. नखाशी चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

पहाटेच्या अंधारात ही एकटी खाली उतरली असणार. का, तर लिफ्टमध्ये पहिला पाय आपला नवरा ठेवणार होता म्हणून. इतकी वर्षं सर देवाविरुद्ध बोलत होते, आणि ती गप्प राहून त्यांची काळजी करत होती.

दार उघडलं. "काय सापडलं, काय सापडलं?" सगळे एकदम.

सरांची मूठ वळली. ती उघडली असती, तर पंपापासून जनरेटरपर्यंत सगळ्या पूजा त्याच क्षणी बंद झाल्या असत्या. आणि स्मिताला उद्यापासून जिन्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"खडा," ते म्हणाले. "बांधकामातला असेल."

"इतक्या जागा सोडून खडा तिथंच बरा गेला!" केतन म्हणाला. "नारळ, सर! शब्द म्हणजे शब्द!"

कुलदीप काही बोलणार होता, तेवढ्यात जयमालाताईंनी त्याच्या हातात चहा दिला. त्यांनीही ते लाल बोट पाहिलं होतं. पिशवीतून नारळ काढून त्यांनी तो सरांपुढे धरला. "सवय न्हाई तुमाला. जपून, पायावर घ्याल."

तिसऱ्या फटक्याला नारळ फुटला. पाणी सरांच्या पँटवर सांडलं, आणि "गणपती बाप्पा मोरया"चा असा गजर झाला की खालचा वॉचमन धावत वर आला.

दुपारच्या जेवणात त्याच नारळाची सोलकढी होती. वाढता वाढता स्मिता म्हणाली, "अहो, रागावणार नसाल तर एक सांगू?"

सरांचा हात खिशातल्या सुपारीवर गेला. "सांग."

"पहाटे मी गुपचूप जाऊन लिफ्टमध्ये सुपारी मांडून पूजा केली होती. म्हणून आज एवढ्यावर निभावलं बघा! नाहीतर मेलं काय झालं असतं, कोण जाणे!"

सरांनी सुपारी खिशातच राहू दिली. मग त्यांनी वाटी पुढे केली.

"वाढ अजून थोडी."