हात फुडं करा!

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत हवालदारकाकांनी “हात फुडं करा!” म्हटलं, की प्रसाद मिळणार समजून कुणी तळहात पुढे करत नाही. सगळे मनगट उलटं करतात. त्यावर बाळाच्या दुधाचा थेंब पडतो आणि काका डोळे बारीक करून विचारतात, “बोला. गरम, का कोमट?”

पेपरवाला, सिलिंडरवाला, वरच्या मजल्यावरचे जोशी, सगळ्यांनी हा थेंब घेतलाय. जोशी एकदा म्हणाले, “तसं बरंय.” काका उखडले. “बरंय म्हंजी काय? तब्येत इचारली न्हाई मी तुमची!”

हे सगळं सुरू झालं माझ्या ओवीमुळे. डॉक्टरांनी तिला डब्याचं दूध सांगितलं होतं. ते उकळलेल्या, चांगल्या गरम पाण्यातच कालवायचं आणि मग निववायचं. तेवढ्यात ओवी कॉलनी डोक्यावर घ्यायची. सासूबाई पेल्यातून पेल्यात ओतायला धावायच्या. नवऱ्याने एकदा बाटली फ्रीजरमध्ये ठेवली आणि विसरला. तिची कुल्फी झाली. एके सकाळी मी चक्क वर्तमानपत्राने बाटलीला वारा घालत होते, तर शेजारचं दार धाडकन उघडलं.

दारात हवालदारकाका. मूळचे पाटणकडचे, पलटणीच्या लंगरात स्वयंपाक करून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे. काकू गेलेल्या, मुलगा शिरवळला कारखान्यात. घरात एकटेच.

“सूनबाई, डास मारताय का दूध निववताय? गार पानी आणा पातेल्यात!”

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात पलटण उतरली. बाटली पातेल्यात उभी. “पानी टोपनाला शिवलं न्हाई पायजे, नायतर त्येच बाळाच्या तोंडात!” मग बाटली हळूहळू गोल फिरवायची, पाणी कोमटलं की बदलायचं, बाटली कोरडी पुसायची आणि मनगट हुडकायला निघायचं. उरलेलं दूध लगेच मोरीत. “उष्टं दूध रिटायर!” सासूबाईंनी मायक्रोवेव्हचं नाव काढलं, तर काका हबकलेच. “आवं वयनी, त्यो भायेरनं कोमट ठेवतोय आन आत निखारा!”

दोनच गोष्टी मला कळत नव्हत्या. काका थेंब स्वतःच्या मनगटावर कधीच घेत नसत. आणि ओवीला कधी हातही लावत नसत. बाटली माझ्या हातात दिली, की टाचा जुळवून थेट घरी.

परवा सासूबाई मंडईत गेल्या होत्या. काकांनी दूध निववलं, माझ्या मनगटाने ते पास केलं, आणि तेवढ्यात गॅसवरची डाळ उतू चालली. मी ओवीला सरळ काकांच्या मांडीवर ठेवलं आणि धावले.

“सूनबाई! आवं, घ्या हिला! मला न्हाई जमत!”

गॅस बंद करून आले, तर काका खुर्चीत ताठ. कपाळावर घाम. ओवी मात्र त्यांची मिशी धरायच्या खटपटीत.

“काय झालं काका?”

“माझा पोरगा एवढाच हुता,” ते हळूच म्हणाले. “सुट्टीवर आलो हुतो. हौसेनं म्हटलं, आज मी पाजतो. तव्या-कढयांनी हात मेलेलं, मला कायबी गरम लागलं न्हाई. लेकराचं तोंड पोळलं. तुमची काकू रागावली न्हाई. नुसतं उचलून घेतलं त्याला. मग मी त्याला परत मांडीवर मागितलं न्हाई. सुट्टी संपली.”

ओवी भुकेने कुरकुरू लागली. मी तिला उचललं नाही. बाटली त्यांच्या हातात दिली. “मी बघितलंय काका. कोमट आहे.”

त्यांनी बाटली तिच्या ओठांना लावली. ओवी चुटुचुटु पिऊ लागली. काका श्वास रोखून बघत राहिले, जणू एक घोट चुकला तर सगळं मोडेल.

बाटली संपली. ओवीने एक ढेकर दिला आणि त्यांच्या शर्टावर गाल टेकून झोपली.

“द्या, पाळण्यात ठेवते,” मी म्हटलं.

काका हलले नाहीत.

“ऱ्हाऊ द्या की जरा,” ते म्हणाले. “मला तरी कुटं जायचंय.”